एका डायलिसिसला 400 लिटर पाणी! हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ते वाचवता येईल का?

मराठवाड्यात उन्हाळा लागला की टँकरच्या बातम्या सुरू होतात. अशा टंचाईतही जिथे पाणी बंद ठेवून चालत नाही, अशी एक जागा म्हणजे डायलिसिस केंद्र.

इतकं पाणी कशाला लागतं?

किडनी निकामी झाली की रक्त यंत्राने साफ करावं लागतं. त्यासाठी यंत्रातून मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रावण फिरतं. चार तासांचे झाले 120 लिटर. हे द्रावण आरओच्या शुद्ध पाण्यात बनतं. शुद्धीकरणात बरंच पाणी बाहेर टाकलं जातं, शिवाय यंत्र धुवावं लागतं. सगळं मिळून एका डायलिसिसला 300 ते 500 लिटर पाणी जातं.

सरासरी 400 लिटर धरले आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असेल, तर एका रुग्णामागे वर्षाला 62,400 लिटर होतात. जलजीवन मिशनच्या माणशी रोज 55 लिटरच्या निकषाने हे तीन माणसांचं वर्षभराचं पाणी आहे.

वाचवायचं कसं?

आरओने बाहेर टाकलेलं पाणी रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कात आलेलंच नसतं. त्यात फक्त क्षार वाढलेले असतात. ते टाकीत साठवून शौचालयात, फरशी पुसायला वापरता येतं. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर झाडांना देण्यापूर्वी तपासून घ्यावं. पिण्यासाठी मात्र ते वापरू नये. यंत्रातून बाहेर पडणारं द्रावण वेगळं असतं, ते सांडपाण्यातच जायला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात डॉ. जॉन एगर यांच्या पुढाकाराने असं आरओचं पाणी पुन्हा वापरात आणलं गेलं. त्यासाठी लागते ती मुख्यतः एक टाकी, पाइप आणि पंप.

फक्त पाण्याचाच प्रश्न आहे का?

नाही. प्रत्येक वेळी नळ्या, सुया, पिशव्या असं प्लास्टिक निघतं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार नळ्यांसारखं प्लास्टिक लाल पिशवीत जातं आणि निर्जंतुक करून पुनर्वापराला देता येतं. ते चुकून पिवळ्या पिशवीत गेलं तर जाळलं जातं आणि विषारी धूर होतो.

प्रवासाचाही भार आहे. सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या खेड्यातून आठवड्याला दोन-तीन वेळा शहर गाठायचं म्हणजे इंधन, पैसा आणि रोजगार तिन्ही जातात. 2016 च्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर गरिबांसाठी मोफत सोय आली. ती तालुक्यापर्यंत पोहोचली तर प्रवास आणखी घटेल. काही रुग्णांना पोटातून होणारं घरचं डायलिसिसही चालतं. त्यात प्रवास वाचतो, पण प्लास्टिकच्या पिशव्या वाढतात.

रुग्णाने डायलिसिस कमी करावं का?

अजिबात नाही. एक फेरी चुकवणंही जिवावर बेतू शकतं. पाणी वाचवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, रुग्णाची नाही.

सगळ्यात मोठी बचत कुठे?

डायलिसिसची वेळच न येण्यात. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी बिघडण्याची प्रमुख कारणं आहेत. हे आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत. बिघाड लवकर कळला तर औषधांनी डायलिसिस बरीच वर्षं लांबवता येतं. यात पाणी वाचतं, आणि माणूसही.