आधी आपलं नाव सांगा

पोफळी सोडून कराडच्या दिशेनं निघालं की कुंभार्ली घाट सुरू होतो. गुहागर-विजापूर मार्ग इथूनच सह्याद्री चढतो. वर जाणारे चिऱ्याचे ट्रक, खाली येणारा कराडचा भाजीपाला, चिपळूण-कराड एसटी, कोयना प्रकल्पाच्या जीपगाड्या आणि सुट्टीत गुहागरला निघालेली घाटावरची माणसं, सगळ्यांना रस्ता तेवढाच. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचं वळणही दिसत नाही. इथल्या मोठ्या अपघातांची बातमी होते. पण आरशाला आरसा लागतो, मागच्या टेम्पोचा बंपर डिकीत घुसतो, दरवाजावर हातभर ओरखडा उठतो, त्याची कुठे नोंदही होत नाही. कुणाला खरचटलेलंही नसतं. तरी त्यानंतरचा अर्धा तास नको जीव करून सोडतो, कारण समोरचा ड्रायव्हर काही ऐकूनच घेत नाही.

तो खाली उतरतो, तुमच्या गाडीकडे धड न बघता म्हणतो, "काय झालंय एवढं? नुसता रंग तर गेलाय." नाव विचारलं तर, "तुम्हाला कशाला पाहिजे?" मालकाचा नंबर मागितला तर, "शेठचा फोन लागत नाही." आवाज चढतात, मागे गाड्यांची रांग लागते, चार माणसं उतरून न्यायनिवाडा करायला लागतात. चूक कुणाची यावर रस्त्यात कधीच एकमत होत नाही आणि होण्याची गरजही नसते. चढ-उताराच्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम 2017 च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत स्पष्ट आहे. तो तुमच्या बाजूचा असला, तरी वळणावर उभं राहून तो समोरच्याच्या गळी उतरवता येत नाही. ते काम पोलीस, विमा कंपनी आणि वेळ आलीच तर न्यायाधिकरण यांचं. रस्त्यावर आपल्याला हवं असतं फार थोडं: समोर कोण होतं, कुठली गाडी होती आणि नेमकं कुठे काय घडलं.

इथे मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 132 कामाला येतं. अपघातात ज्याचं नुकसान झालं त्यानं मागितलं, तर ड्रायव्हरनं आपलं नाव-पत्ता आणि गाडीच्या मालकाचं नाव-पत्ता दिलाच पाहिजे, असं ते सांगतं. पण त्याला एक अट जोडलेली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते: मागणाऱ्यानंही स्वतःचं नाव-पत्ता द्यायचा. मला ही अट अतिशय शहाणपणाची वाटते. "तुझं नाव काय रे?" असं अंगावर धावून विचारलं की समोरचा आडमुठेपणा करतोच. त्याऐवजी "मी अमुक, राहणार चिपळूण, हा माझा नंबर, लिहून घ्या. आता तुमचं सांगा," असं म्हटलं की कायद्याची अट पुरी होते आणि निम्म्या वेळा समोरच्याचा ताठाही उतरतो. लायसन्स मात्र आपल्याला मागता येत नाही. तो अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याचा. गाडीची चावी काढून घेणं, कॉलर धरणं, गाडीपुढे आडवं होणं यातलं काहीही केलं की तक्रारदार आपण राहत नाही. आपल्याविरुद्धच तक्रार होऊ शकते.

ड्रायव्हर असा का वागतो, हेही समजून घेतलं पाहिजे. ट्रक-टेम्पो चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो. नुकसानीचे पैसे आपल्याच पगारातून कापले जातील ही धास्ती त्याला असते. जमावाची भीती तर फारच खरी असते, आणि तिची दखल कायद्यानंही घेतली आहे: जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यात जमावाच्या क्षोभाचा अपवाद कलम 134 मध्येच लिहिलेला आहे. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला मालवाहतुकीच्या चालकांनी देशभर काम बंद केलं आणि महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीला त्यांचा विरोध होता. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम, 106(2), स्थगितच ठेवलं गेलं. किरकोळ धडकेशी त्याचा काही संबंध नाही. पण "थांबलो की अडकलो" ही समजूत चालकांच्या मनात पक्की बसली आहे. "कुणाला लागलेलं नाही, मला फक्त नाव आणि विम्याचा तपशील हवाय," हे पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं तर ती भीती थोडी तरी ओसरते.

एवढं करूनही तो निघून जातो. जाऊ द्या. धुक्यात पाठलाग करण्याइतकी धोक्याची दुसरी गोष्ट या घाटात नाही. नंबरप्लेटचा फोटो मिळाला असेल तर तो पळाला असं म्हणताच येत नाही. गाडीचा चालक त्या वेळी कोण होता हे पोलिसांनी विचारलं, तर सांगणं मालकाला कलम 133 नुसार बंधनकारक आहे. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा चालू आहे की संपलाय तेही दिसतं.

फोटोंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच चालतं. बहुतेक जण फक्त चेपलेल्या पत्र्याचा जवळून फोटो काढतात. त्यावरून धडक कुठे आणि कशी झाली हे कुणालाच कळत नाही. आधी दोन्ही गाड्या जशा थांबल्या तशा, चाकांची दिशा आणि रस्त्याची मधली रेघ दिसेल असा लांबून फोटो घ्या. मग चार बाजूंनी. मग दोन्ही गाड्यांवरच्या खुणा: तुमच्या पांढऱ्या दरवाजावर त्याचा निळा रंग उतरला असेल तर ती खूण साक्षीदारापेक्षा बोलकी ठरते. शेवटी जवळचा किलोमीटरचा दगड, कठडा किंवा पाटी. घाटातली वळणं फोटोत एकसारखी दिसतात आणि आठवड्यानं आपल्यालाही नेमकी जागा सांगता येत नाही. पावसात ब्रेकच्या खुणा काही मिनिटांत धुऊन जातात, म्हणून हे सगळं भांडणाच्या आधी करायचं. फोटो झाले की लगेच गाड्या बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, मागे त्रिकोण लावा. वळणावर गाडी तशीच ठेवून वाद घालत बसलं तर मागून येणारा दुसरा, मोठा अपघात घडवतो. घाटात मधूनमधून रेंज जाते. नंबर आणि नाव कागदावरही उतरवून ठेवा. फोन लागला तर 112.

पोलिसांकडे जावं का? लोकांना नको वाटतं. पण कलम 134 प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल आणि जागेवर पोलीस नसेल, तर चालकानं जवळच्या ठाण्यात 24 तासांच्या आत कळवायचं असतं. हे बंधन दोघांवरही आहे. ते न पाळणाऱ्याला कलम 187 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे जो आधी जाऊन लिहून देतो तो स्वतःचंही रक्षण करतो. उद्या समोरच्यानं उलटी तक्रार केली तर आपली नोंद आधीची असते. पोफळीच्या बाजूला अलोरे-शिरगाव पोलीस ठाणं, घाटमाथा ओलांडला की सातारा जिल्ह्यातलं कोयनानगर. मधेच कुठे धडक झाली तर "ती आमची हद्द नाही" असं ऐकायला मिळू शकतं. गुन्हा दखलपात्र असेल, उदाहरणार्थ जीव धोक्यात येईल अशी बेदरकार गाडी चालवली असेल, तर हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तसं सांगतं. नुसतं पत्र्याचं नुकसान असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

समोर एसटी असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका. परिवहन महामंडळांना स्वतःचा निधी राखून विम्यातून सूट मिळण्याची सोय कायद्यात आहे आणि आपलं महामंडळ त्याच मार्गानं भरपाई देतं. गाडीचा नंबर, मार्ग, वेळ आणि चालकाचा बिल्ला क्रमांक टिपून आगारात लेखी द्या, पोच घ्या.

आता पैशांचं. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळवायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बंपरच्या 8,000 रुपयांसाठी वकील करून तारखा घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून लोक स्वतःच्या विम्यावर दावा करतात, आणि इथे घाई नडते. विनादावा सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि 50 अशी चढत जाते, आणि एका दाव्यानं शून्यावर येते. समजा, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 10,000 आहे आणि सवलत 50 टक्क्यांवर पोचलेली आहे. दावा केला तर पुढच्या वर्षी 5,000 जास्त, मग 3,000, 2,500, 1,500 आणि 500. पाच वर्षांत 12,500 रुपये जातात. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून हा आकडा थोडा कमी होईल, पण 8,000 च्या बंपरसाठी दावा करणं तोट्याचंच ठरतं. बोनस सुरक्षित ठेवणारं जोड-संरक्षण घेतलेलं असेल तर हिशेब वेगळा.

जागेवरच मिटवायचं ठरलं तर पैसे हातात देऊन मोकळे होऊ नका. पॉलिसीतल्या अटींप्रमाणे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणं किंवा भरपाईचं वचन देणं चालत नाही. तसं केलं तर पुढे दावा अडू शकतो. त्यामुळे कुणाला लागलेलं नाही आणि दोघांपैकी कुणीच विम्याकडे जाणार नाही, याची खात्री असेल तरच मिटवा. मग एका कागदावर दोघांची नावं, गाड्यांचे नंबर, तारीख, जागा, किती रुपये दिले आणि यापुढे परस्परांविरुद्ध काही मागणी नाही, एवढं लिहून दोघांनी सह्या करा. पैसे यूपीआयनं दिलेत तर त्याची नोंद आपोआप राहते. सही झालेल्या कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.