सशांची पैदास : मादी नराचा स्वीकार केव्हा करते?

गाय किंवा म्हैस माजावर आली की ती हंबरते, वैरणीवरून तोंड काढते, दूध कमी देते. आपल्या शेतकऱ्यास ते कोणी सांगावे लागत नाही. माज हुकला तर आणखी एकवीस दिवस थांबावयाचे, हाही हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. सशांच्या पैदाशीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. तो लावल्यामुळे कित्येकांच्या माद्या महिनोन्महिने रिकाम्या राहतात, आणि धंदा परवडत नाही असा समज होतो.

खारघर, बेलपाडा, मुर्बी, ओवे या गावांच्या भोवती पूर्वी भातखाचरे होती. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) येथे नवी मुंबई उभी राहिली आणि जनावरांसाठी लागणारी मोकळी जागा उरली नाही. अशा ठिकाणी चार माद्या व एक नर पडवीतही राहू शकतात. परंतु एवढ्या लहान कळपात एक मादी रिकामी राहिली तरी उत्पन्नाचा चौथा हिस्सा जातो, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. खारघरच्या डोंगरात दिसणारा रानससा हा निराळ्या जातीचा प्राणी आहे. पाळीव सशाशी त्याचा संकर होत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. पैदाशीसाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट यांसारख्या पाळीव जातीच घ्याव्यात.

माजाचे स्वरूप

सशाच्या मादीत बीजांडे पक्व होतात, पण ती आपोआप सुटत नाहीत. नराशी संयोग झाल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी ती सुटतात. त्यामुळे ठरावीक दिवशी येणारा व जाणारा माज तिला नसतो. सर्वसाधारणपणे १६ दिवसांपैकी १२ ते १४ दिवस ती नराचा स्वीकार करते व उरलेले दोन-चार दिवस नाकारते. म्हणून आज नाकारणारी मादी तीन-चार दिवसांनी पुन्हा नरास दाखवावी. महिनाभर थांबण्याचे कारण नाही.

लक्षणे

स्वीकारास तयार असलेली मादी अस्वस्थ असते. ती हनुवटी खाद्याच्या भांड्यावर व जाळीवर घासते, शेजारच्या पिंजऱ्यातील सशांकडे ओढ घेते, आणि पाठीवरून हात फिरविला असता मागील भाग उचलते. सर्वांत भरवशाची खूण योनिमुखाच्या रंगाची आहे. ते फिकट व कोरडे असेल तर मादी बहुधा नकार देईल. लाल, ओलसर व किंचित सुजल्यासारखे असेल तर ती वेळ उत्तम होय. रंग जांभळट झाला असल्यास विलंब न करता त्याच दिवशी नर दाखवावा.

नर दाखविण्याची रीत

मादीस नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नरास तिच्याकडे नेऊ नये. मादी आपल्या जागेत परक्याला सहन करीत नाही, चावते, ओरबाडते. आणि नरही नव्या जागेत हुंगण्यातच वेळ घालवितो. सकाळी लवकर किंवा सायंकाळी, गारव्याच्या वेळी हे काम करावे व स्वतः समोर उभे राहावे. मादी तयार असेल तर ती अंग लांबवून मागील भाग वर करते. संयोग पूर्ण झाल्यावर नर बहुधा एका बाजूस किंवा मागे कोसळतो, कधी बारीक ओरडतो. मादी कोपऱ्यात दबून बसली, पळत राहिली किंवा गुरगुरू लागली, तर काही मिनिटांत तिला बाहेर काढावे. बळजबरी करू नये, व दोघांना रात्रभर एकत्र ठेवू नये. त्यामुळे जखमा होतात आणि तारीख कळत नाही.

नकाराची कारणे

वारंवार नकार मिळत असेल तर कारण शोधावे. मादी पाच-सहा महिन्यांहून लहान आहे काय? फार लठ्ठ किंवा फार रोड आहे काय? केस गळत आहेत काय? पायांच्या तळव्यांस फोड आहेत काय? हिवाळ्यात दिवस लहान झाल्यानेही माद्या थंडावतात. अशा वेळी दिवा लावून उजेडाचा एकूण काळ १४ ते १६ तास करावा. ती आधीच गाभण असणेही शक्य आहे. मात्र गाभण मादी काही वेळा नराचा स्वीकारही करते. म्हणून नर दाखवून गर्भाची परीक्षा करण्याची पद्धत भरवशाची नाही.

दोष नेहमी मादीचाच असतो असेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा तिसाच्या वर टिकून राहिला की नराचे बीज निकृष्ट होते आणि ते सुधारण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. जूनमध्ये मादी फळली नाही म्हणून ती विकून टाकण्याची घाई करू नये. उन्हाळ्यात नराचा पिंजरा सर्वांत गार व हवेशीर जागी ठेवावा.

खोटा गर्भ व तपासणी

संयोगाने बीजांडे सुटली पण गर्भ राहिला नाही, किंवा एका मादीने दुसरीवर उडी घेतली, तर खोटा गर्भ राहतो. अशी मादी नर नाकारते व १६ ते १८ दिवसांनी केस उपटून घरटे करू लागते. याच सुमारास तिला नर दाखविल्यास ती सहसा स्वीकारते. प्रौढ माद्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्यास हा प्रकार टळतो.

खरा गर्भ १२ ते १४ दिवसांनी हाताने कळतो. पोटाखाली बोटे हळुवार फिरविली असता करवंदाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या मऊ गोळ्यांची रांग लागते. लेंड्या याहून लहान व कठीण असतात. ही चाचपणी अनुभवी माणसाकडून शिकून घ्यावी. जोराने दाबल्यास गर्भ गळतो.

गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, आणि पिले तोडण्यास पाच आठवडे. म्हणजे एका वेतास ६६ दिवस लागतात, व वर्षाला पाच वेते मिळू शकतात. मादी रिकामी असल्याचे बत्तिसाव्या दिवशी कळले तर महिना फुकट जातो. चौदाव्या दिवशी कळले तर अठरा दिवस वाचतात.

यासाठी प्रत्येक पिंजऱ्यावर एक पाटी टांगावी. समजा, १ नोव्हेंबरला संयोग झाला. तर १३ ते १५ नोव्हेंबरला तपासणी, २८ नोव्हेंबरला वाळलेले गवत घालून विण्याची पेटी, आणि २ डिसेंबरच्या सुमारास वीण. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी प्रथम ही पाटी वाचावी आणि मगच मादीविषयी सल्ला द्यावा.