पाण्याच्या वाटेने बेलव्ह्यू

कोकणच्या बंदरांवर वाढलेल्या माणसाला वॉशिंग्टन सरोवरात नारळी-पोफळीऐवजी काळसर हिरव्या फर वृक्षांच्या रांगा आणि दक्षिणेकडे हिमाच्छादित रेनियर पर्वत दिसतो; तरीही बेलव्ह्यू नगराचा खरा परिचय व्हावयाचा असेल, तर सिअॅटलकडून नावेत बसून पाण्याच्या वाटेनेच यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण या नगराचे पूर्वायुष्य सारे धक्क्याभोवती गेले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिअॅटलकडच्या काठावरील लेशीच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटी सिअॅटलच्या हौशी उतारूंना बेलव्ह्यूच्या मायडनबावर उपसागरात आणून सोडीत, आणि ही मंडळी वाइल्डवुड उद्यानातल्या नृत्यमंडपात रमत. १९१३ साली बांधलेल्या 'लेशी' नौकेवरून पुढे मोटारीही येऊ लागल्या.

तथापि या उपसागराचे खरे नवल निराळेच आहे. १९१६ साली कालव्याने सरोवर समुद्राशी जोडले गेले, तेव्हा त्याची पातळी सुमारे ९ फूट उतरली, काठाची जमीन उघडी पडली आणि समुद्रगामी जहाजांना आत येण्याचा मार्ग खुला झाला. १९१९ पासून अमेरिकन पॅसिफिक व्हेलिंग कंपनीच्या देवमासे मारणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या मुक्कामास येथे येऊ लागल्या. शिकार व्हायची ती दूर अलास्काच्या समुद्रात; येथे फक्त डागडुजी आणि विश्रांती, कारण जहाजांच्या बुडाला चिकटलेले खाऱ्या पाण्यातले शिंपले गोड्या पाण्यात आपोआप मरून गळून पडत. दुसऱ्या महायुद्धाने हा शिरस्ता मोडला.

त्याच युद्धाने दुसरा घाव याहून खोल घातला. जंगलतोडीनंतर उरलेले प्रचंड बुंधे उपटून येथील जमीन लागवडीस आणली ती मुख्यत्वे जपानी शेतकऱ्यांनी. १९२१ च्या राज्य कायद्याने त्यांना जमीन धारण करण्यास मनाई केल्यावर कित्येकांनी दस्तऐवज अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे करून घेतले. त्यांच्या स्ट्रॉबेरीच्या कीर्तीवर १९२५ पासून येथे दरसाल उत्सव भरे. १९४२ च्या वसंतात सरकारी हुकमाने या कुटुंबांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले, आणि तो उत्सवही बंद पडला. ज्यांच्या कष्टांवर गाव नावारूपास आले, त्यांनाच गावाबाहेर काढले गेले, ही गोष्ट येथे येणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे.

२ जुलै १९४० रोजी पोकळ काँक्रीटच्या तराफ्यांवर तरंगणारा पूल खुला झाला आणि नावेच्या वाटेचे महत्त्व सरले. १९५३ मध्ये बेलव्ह्यूला नगराचा दर्जा मिळाला, आणि पुढे उंच काचेच्या इमारतींनी त्याचे तोंड हमरस्त्याकडे वळवले. आता मात्र उपसागराकाठी नगरपालिकेने विस्तृत उद्यान आणि वळणदार धक्का उभारला आहे, देवमासे कंपनीची इमारतही तेथे जतन केलेली दिसते. जून-जुलैत सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो, तेव्हा काठावर पोहणाऱ्या मुलांचा कल्लोळ चालतो आणि त्यांत मराठीतल्या हाकाही ऐकू येतात. या नगरातल्या संगणक-व्यवसायाने आपलीही पुष्कळ कुटुंबे येथे आणली आहेत. दुपार कलल्यावर पश्चिमेकडून नाव आत आणावी, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि सगळा किनारा स्पष्ट दिसतो.