विश्रांती कुणाला, बेंच कुणाला?

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्याआधीच ठरलं होतं, जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार. लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला तो खेळला. भारताने जिंकलेल्या एजबॅस्टन आणि ओव्हलच्या दोन्ही कसोट्या मात्र त्याच्याविना झाल्या. मोहम्मद सिराज पाचही कसोट्या खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले. मग सुनील गावस्करांनी 'वर्कलोड' हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून हद्दपार करा असं सुनावलं आणि चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

माना डोलावणं सोपं आहे. त्याच वर्षी जानेवारीत, ऑस्ट्रेलियातल्या मालिकेत ३२ बळी घेतल्यानंतर, सिडनीत बुमराहच्या पाठीने दगा दिला आणि चॅम्पियन्स करंडक हुकला. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार अंगावर येतो. त्यात कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते, म्हणून मणक्याच्या हाडाला बारीक भेग पडू शकते. गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एखाद्या आठवड्यात चेंडू एकदम वाढले, की धोका वाढतो. दुखणं कधीकधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतं, त्यामुळे 'काल तर बरा होता' या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही. विशीच्या आसपास कंबरेची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये पहिली कसोटी खेळला. दुखापतींमुळे दुसरी खेळायला मार्च २०१७ उजाडला.

पण विश्रांतीचा अतिरेकही होतो. २०२१ च्या भारत दौऱ्यात इंग्लंडने जॉनी बेअरस्टोला पहिल्या दोन कसोट्यांना विश्रांती दिली, पहिली कसोटी जिंकून जोस बटलरला घरी पाठवलं आणि मालिका ३-१ अशी गमावली.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला मात्र आलटूनपालटून खेळणं नवं नाही. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या खो-खोपटू सारिका काळेचा हा जिल्हा, आणि खो-खोत बचावाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात. दम खाण्याची सोय नियमातच आहे. क्रिकेटमध्ये ती नाही, त्यामुळे विश्रांतीचा सगळा हिशेब सामन्याआधी, निवडीच्या टेबलावर होतो. या टेबलाची दुसरी बाजू तुळजापूरच्या वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकरने पाहिली आहे.

२०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात करोनामुळे आयर्लंडविरुद्ध भारताकडे खेळण्याजोगे जेमतेम अकराच उरले. कर्णधार यश धुलसुद्धा विलगीकरणात. त्या दिवशी हंगरगेकरने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा कुटल्या. विश्वचषक भारताने जिंकला आणि चेन्नई सुपर किंग्जने ३० लाखांच्या मूळ किमतीच्या या पोराला दीड कोटीला घेतलं. पण आयपीएलच्या त्या हंगामात चेन्नई नववी आली तरी त्याला एकही सामना मिळाला नाही. घाईने मैदानात ढकलायचं नाही, हे संघाचं धोरण समजण्यासारखं होतं. बेंचवरच्या पोराला ते दिवस कसे गेले असतील, ते वेगळं.

संधी आली ३१ मार्च २०२३ ला, अहमदाबादेत. गुजरातविरुद्ध चार षटकांत ३६ धावा देऊन तीन बळी. चालू सामन्यात एक खेळाडू बदलण्याचा, 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियमही त्याच रात्री सुरू झाला. पहिला मान कल्याणच्या तुषार देशपांडेला मिळाला आणि ३.२ षटकांत ५१ धावांचा मार त्याने खाल्ला. पुढच्या सामन्यात चेन्नईच्या गोलंदाजांनी १३ वाइड आणि तीन नोबॉल टाकले. हे थांबलं नाही तर नव्या कर्णधाराखाली खेळावं लागेल, असं धोनीने बजावलं. त्यानंतर मात्र अकरात राहिला देशपांडे, आणि हंगरगेकरचा हंगाम दोन सामन्यांवर संपला. चेन्नईने चषक उचलला, म्हणजे निवड चुकली म्हणायला जागा नाही. तरी एक उघड आहे : नाव झालेल्याचं बाहेर बसणं विश्रांती ठरतं, नवख्याचं बाहेर बसणं म्हणजे वगळणं. जुलैत कोलंबोत उदयोन्मुख आशिया चषकात हंगरगेकरने पाकिस्तान 'अ'चे पाच गडी ४२ धावांत टिपले.

करार असलेल्यांच्या चेंडूंची मोजदाद करायला फिजिओ असतात. मोजायची खरी गरज मात्र तालुक्याच्या मैदानावर आहे. इंग्लंडमध्ये १६ ते १९ वर्षांखालील गटांतल्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये सात आणि दिवसात अठरा षटकांची मर्यादा आहे. आपल्याकडे त्याच वयाचा वेगवान पोरगा शाळेकडून, क्लबकडून आणि रविवारी गावच्या टेनिस बॉल स्पर्धेतही नवा चेंडू हातात घेतो, आणि जिंकायचं असलं की शेवटचं षटकही त्याचंच. धाराशिव, उमरगा, परंड्याच्या प्रशिक्षकांनी निदान आपल्या वेगवान गोलंदाजांपुरती एक वही ठेवावी, आणि रविवारचे टेनिस बॉलचे चेंडूही तीत मांडावेत.