अमेरिकेचे वार्तापत्र : सिनेमा सुचवणारे ग्रंथपाल

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयातून सिनेमा आणि दूरचित्रवाणी मालिका पुस्तकांइतक्याच सहज घरी नेता येतात. त्यासाठी वेगळी वर्गणी नाही आणि अनामतही नाही. ग्रंथालयाच्या गावात राहत असल्याचा पुरावा दाखवला की जे कार्ड मिळते, तेच दोन्हींना चालते. नवा चित्रपट साधारण आठवडाभर ठेवता येतो, जुना बहुधा त्याहून जास्त दिवस. कपाटात नसेल तर नाव नोंदवून तो शेजारच्या गावातूनही मागवता येतो. नेटफ्लिक्सच्या मायदेशात डीव्हीडी कोण नेत असेल, असे महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटते. प्रत्यक्षात नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा स्वतःचा जुना व्यवसाय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्यावरही ग्रंथालयांतून डीव्हीडी आणि ब्लू-रे नेल्या जात आहेत. दंडाची भीतीही कमी झाली आहे. शिकागोच्या ग्रंथालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांनी २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला.

ज्यांना पैसे देऊन पाहणे परवडत नाही त्यांच्यासाठी ही फुकटची करमणूक आहे, हा दुसरा गैरसमज. तो दूर होण्यासाठी कपाटापेक्षा टेबलामागे बसलेल्या व्यक्तीकडे पाहावे लागते. काय पाहावे हे सुचवणे हा अमेरिकन ग्रंथपालाच्या कामाचा मान्य भाग आहे आणि त्याचे शिक्षणही मिळते. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांचे वाचकांना सल्ला देण्याविषयीचे पुस्तक १९८९ मध्ये आले. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची मांडणी तर ग्रंथालयांबाहेरही पोचली. वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो, असे त्या म्हणतात: कथानक, पात्रे, परिसर आणि भाषा. कोण कोणत्या दाराने आत जातो हे कळले की पुढचे पुस्तक सुचवता येते. सिनेमालाही हीच रीत लागू पडते. म्हणून ‘तुम्हाला कसले सिनेमे आवडतात?’ असा मोघम प्रश्न जाणता ग्रंथपाल टाळतो. अलीकडे आवडलेला एक सिनेमा सांगा आणि त्यात काय आवडले ते सांगा, एवढेच तो विचारतो.

‘द वायर’ ही २००२ ते २००८ दरम्यानची मालिका घ्या. तिची पाच पर्वे बाल्टिमोर शहरातली अमली पदार्थांची बाजारपेठ, बंदर, महापालिकेचे राजकारण, शाळा आणि वर्तमानपत्र एकेक करून उलगडतात. ही मालिका आवडली असे दोघे म्हणाले तरी दोघांना एकच सल्ला मिळेल असे नाही. पोलिसांच्या कामातला बारकावा ज्याला भावला, त्याला त्याच शहरावरची ‘होमिसाइड’ दिली जाते. डेव्हिड सायमन यांच्या पुस्तकावर ती बेतलेली आहे आणि पुढे ‘द वायर’ही त्यांनीच निर्माण केली. संथ गती आणि माणसांमधले बोलणे ज्याला आवडले, त्याच्या हाती ‘डिटेक्टरिस्ट्स’ पडू शकते. एसेक्सच्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या दोन मित्रांवरची ही ब्रिटिश मालिका आहे आणि तिच्यात एकही खून नाही.

न्यू जर्सीतल्या एका गावात मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. त्यांनी ‘काहीतरी चांगले’ मागितले. ग्रंथपालबाईंनी शेवटचा आवडलेला सिनेमा विचारला. गुरुजींनी श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ सांगितला. पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला, दूधसंघावरचा तो १९७६ चा चित्रपट बाईंनी पाहिलेला नव्हता. त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले आणि त्यातले काय मनात राहिले, एवढेच विचारले. गावातली माणसे एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात ते, असे गुरुजी म्हणाले. बाईंनी त्यांना बार्बरा कॉपल यांचा ‘हार्लन काउंटी, यूएसए’ काढून दिला. केंटकीतल्या कोळसा खाणकामगारांच्या संपावरचा हा माहितीपटही १९७६ चाच आहे. त्याला ऑस्कर मिळाले होते आणि त्यात संपाच्या आघाडीवर खाणकामगारांच्या बायका उभ्या आहेत. गुरुजी तो परत करायला आले तेव्हा ‘मेटवान’ काढून ठेवलेला होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या १९२० च्या खाणसंपावरचा जॉन सेल्स यांचा हा चित्रपट. उच्चार कळत नाहीत ही गुरुजींची अडचण इंग्रजी सबटायटल्सनी भागवली. अमेरिकेत खाणकामगार आहेत आणि ते संप करतात, हे त्यांना तोवर कोणत्याही हॉलिवूडपटाने सांगितले नव्हते.

सल्ला मागायला न येणाऱ्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या आवडीचे एक फडताळ असते. चित्रपटाखाली हाताने लिहिलेली दोन-तीन ओळींची चिठ्ठी असते. त्यात जाहिरात नसते, फक्त नेमके कारण असते. ‘फॉइल्स वॉर’ ही ब्रिटिश मालिका अशा चिठ्ठ्यांची आवडती. दुसऱ्या महायुद्धात हेस्टिंग्ज या किनारी गावात एक पोलीस अधिकारी खुनांचा तपास करत राहतो आणि युद्धाला उपयोगी असलेला माणूसही गुन्हेगार ठरू शकतो का, हा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. तक्रार करायची तर ती इथेच. ब्रिटिश रहस्यमालिकांनी ही फडताळे इतकी व्यापली आहेत की बाकीच्या जगाला जागा उरत नाही. भारतीय वस्तीच्या गावांत हिंदी चित्रपटांचे कपाट असले तरी त्यापाशी चिठ्ठी क्वचितच दिसते आणि मराठी चित्रपट तर शोधावाच लागतो. यात दोष एकट्या ग्रंथालयाचा नाही. खरेदी सुचवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. घराच्या मालमत्ता कराचा वाटा ग्रंथालयाला देणारी मराठी कुटुंबे ती वापरत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाला १९८१ पासूनची परंपरा आहे. दहा निवडक चित्रपटांची यादी सबटायटल्सच्या तपशिलासह तयार करणे तिथल्या मंडळांना जड नाही.

कोण काय पाहतो हे गुप्त ठेवण्याची शिस्तही समजून घेण्यासारखी आहे. रॉबर्ट बोर्क यांना १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नामांकन मिळाले, तेव्हा वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांनी दुकानातून भाड्याने नेलेल्या चित्रपटांची यादी छापली. यादीत आक्षेपार्ह काहीच नव्हते. तरीही पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अशा नोंदींना संरक्षण देणारा कायदा केला. ग्रंथालयांच्या नोंदींना राज्यांचे कायदे जपतात आणि वस्तू परत आली की ती कोणी नेली होती हा दुवा अनेक ठिकाणी पुसला जातो. ‘हे तुमच्या शेजाऱ्यांनी कालच परत केले’ असे आपल्याकडे देवघेवीच्या खिडकीत आपुलकीने सांगितले जाते. इथे तो नियमभंग ठरेल.

या व्यवस्थेचा पाया कायद्यात आहे. विकत घेतलेली प्रत पुढे विकण्याचा किंवा उसनी देण्याचा हक्क प्रत घेणाऱ्याचा, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये पुस्तकाबाबत मान्य केले आणि १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात ते कायम राहिले. म्हणून एकदा घेतलेली डीव्हीडी ती झिजेपर्यंत फिरते. ऑनलाइन सेवांचे गणित उलटे आहे. कॅनोपीसारख्या सेवेत प्रेक्षकाला चित्रपट फुकट दिसतो, पण पाहण्याच्या प्रमाणात ग्रंथालयाला पैसे मोजावे लागतात. या खर्चामुळे न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी २०१९ मध्ये कॅनोपी सोडली. शिवाय ऑनलाइन सगळे मिळते हेही खरे नाही. संगीताच्या हक्कांमुळे अडकलेली ‘होमिसाइड’ २०२४ पर्यंत ऑनलाइन नव्हती. नागरी हक्कांच्या चळवळीवरची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मालिका तर जुन्या चित्रफितींचे हक्क संपल्याने वर्षानुवर्षे पुन्हा दाखवता आली नाही. त्या काळात ग्रंथालयांनी घेऊन ठेवलेल्या कॅसेटी हाच अनेक शिक्षकांचा आधार होता.

भारतात अशी मुभा नाही, असे धरून चालण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत सभासदाला उसनी दिली तर ते व्यावसायिक भाडे ठरत नाही. संस्थांचीही वाण नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. सिनेमाचे जाणकारही आहेत: मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे आणि पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पण फिल्म सोसायटीचा सभासद एका खोलीत आणि वाचनालयाचा दुसऱ्या, असे दशकानुदशके चालले आहे. दिवाळी अंकांसाठी रांग लावून घेणारे, नव्या कादंबरीविषयी भरभरून बोलणारे ग्रंथपाल ‘भूमिका’ हा चित्रपट हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला आहे हे जाणतात. तरी पुस्तक देताना शेजारी चित्रपट ठेवावा, हे त्यांना सुचत नाही, कारण ते वाचनालयाच्या कक्षेतले वाटत नाही. श्यामची आई वाचणाऱ्या मुलाला आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट तिथेच मिळायला हवा. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. तो गाथेच्या शेजारी शोभेल. ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ यांना तर दोन ओळींची चिठ्ठी पुरेल.

मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी आता दुकानात फारशा मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात घेतलेल्या अस्सल व्हीसीडी आणि डीव्हीडी असंख्य घरांत पडून आहेत आणि त्या टाकून देण्याची वेळ आली आहे. वाचनालये देणगीदाखल पुस्तके स्वीकारतात, दाखल नोंदवहीत त्यांची नोंद करतात, मुखपृष्ठाच्या आत देणाऱ्याचे नाव चिकटवतात. त्याच नोंदवहीत चित्रपटांसाठी वेगळा क्रमांक सुरू करता येतो. तबकडी वाजते का आणि प्रत अस्सल आहे का, हे तपासायला वाचनालयात एक जुना प्लेअर ठेवला की काम भागते.