पाय चालतात, मग डोके का चालत नाही?

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जवळ आली की वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर संघांच्या कुंडल्या मांडण्याचा हंगाम सुरू होतो. जर्मन म्हणजे शिस्त, इटालियन म्हणजे बचावाचे डावपेच, अर्जेंटिना म्हणजे चलाखी. आफ्रिकेच्या संघाची पाळी आली की लेखणी ठरलेल्या चाकोरीत शिरते. ताकद, वेग, निसर्गदत्त कसब. आणि शेवटी एक ‘पण’. पण डावपेचात कच्चे, पण ऐन वेळी भान सुटते, पण शिस्त नाही.

कुंडली हा शब्द मुद्दामच वापरला. कुंडलीत माणसाने काय केले हे पाहत नाहीत, तो कधी आणि कुठे जन्मला हे पाहतात.

चळवळीच्या दैनिकात फुटबॉल कशाला, असे काही वाचक विचारतील. शिष्यवृत्तीचे प्रश्न संपले का, अनुशेष भरला का? नाही संपले, नाही भरला. पण ‘अंगाने दणकट, कामाला वाघ, डोक्याने मात्र बेताचा’ हे प्रमाणपत्र आपल्या बापजाद्यांनी गावोगावी पिढ्यान्पिढ्या ऐकले आहे. ढोर ओढायला, लाकडे फोडायला, निरोप घेऊन रात्री-बेरात्री पळायला आमचे अंग चालत होते. चावडीवर बसायला डोके चालत नव्हते. तेच प्रमाणपत्र आज जगाच्या सर्वांत मोठ्या खेळात कोणाला आणि कसे वाटले जाते, हे आपण पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

हा केवळ आमचा संशय आहे असे कोणी म्हणू नये. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने ‘रनरिपीट’ या डॅनिश संस्थेबरोबर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इंग्लंड, स्पेन, इटली आणि फ्रान्स या चार देशांच्या साखळी स्पर्धांतील ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन त्यात तपासले गेले. बुद्धीबद्दल झालेल्या स्तुतीपैकी ६२.६ टक्के स्तुती गोऱ्या किंवा उजळ वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला गेली होती. खेळाडूच्या ताकदीबद्दल बोलताना ते बोलणे काळ्या वर्णाच्या खेळाडूविषयी असण्याची शक्यता सहा पटीहून अधिक होती. समालोचक वाईट माणसे होती असे नाही. त्यांना तसे दिसतच होते, हीच खरी गोम आहे.

खेळाडू मैदानावर असतो तोवर ही वाटणी सहन करता येते, कारण गोल केला की गोल मोजावाच लागतो. प्रश्न येतो तो प्रशिक्षकाच्या खुर्चीचा. ती डोक्याची खुर्ची. २०१८ साली रशियात ३२ संघ उतरले. जगातल्या किती संघांत काळे खेळाडू होते ते सांगायला नको. विजेत्या फ्रान्सचाच संघ पाहा. पण ३२ प्रशिक्षकांत काळा माणूस एकच होता, सेनेगलचे अलियू सिसे. आफ्रिकेचे पाच संघ होते, त्यांपैकी इजिप्तचा प्रशिक्षक अर्जेंटिनाचा, मोरोक्कोचा फ्रान्सचा, नायजेरियाचा जर्मनीचा. पाचही संघ पहिल्याच फेरीत बाद झाले. त्यातल्या त्यात जास्त गुण कोणी मिळवले? सिसे यांच्या सेनेगलने, चार. जपानशी गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामना बरोबरीत. केवळ पिवळी कार्डे जास्त मिळाली म्हणून ते घरी गेले.

हा प्रकार कसा चालतो ते पाहायचे असेल तर दोन नायजेरियन माणसांची हकीकत ऐका. स्टीफन केशी यांनी टोगो या चिमुकल्या देशाला २००६ च्या विश्वचषकासाठी पात्र करून दाखवले. टोगोच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. स्पर्धा तोंडावर आली आणि केशींना काढून तेथे जर्मन ओटो फिस्टर आणले गेले. टोगो तिन्ही सामने हरला. शाईबू अमोदू यांनी नायजेरियाला २००२ च्या विश्वचषकात नेले. स्पर्धेआधी त्यांना काढले. तेव्हा बदली आलेला माणूस निदान नायजेरियनच होता. अमोदूंनी पुन्हा २०१० साठी संघ पात्र केला, आफ्रिकी चषकात तिसरे स्थान मिळवले. पुन्हा त्यांना काढले. या वेळी स्वीडनचे लार्स लागरबॅक आले. नायजेरिया दोन सामने हरला, एक बरोबरीत सोडवला आणि परतला. नांगरणी, पेरणी, खुरपणी आमच्याकडून. खळ्यावर रास मोजायला मात्र पाटील हवा, असा हा व्यवहार. केशींनी पुढे २०१३ साली नायजेरियाला आफ्रिकी चषक जिंकून दिला आणि २०१४ च्या विश्वचषकात बाद फेरीत नेले. विश्वचषकात संघाला तिथवर नेणारे ते पहिले आफ्रिकी प्रशिक्षक. केशी आणि अमोदू, दोघेही जून २०१६ मध्ये एकाच आठवड्यात गेले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परका प्रशिक्षक म्हणजे वाईट, असा हा लेख नाही. १९९० चा कॅमेरून, २००२ चा सेनेगल, २०१० चा घाना हे तिन्ही संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले तेव्हा त्यांचे प्रशिक्षक अनुक्रमे रशियन, फ्रेंच आणि सर्बियन होते. फ्रेंच हर्वे रेनार यांनी झांबियाला २०१२ साली आणि आयव्हरी कोस्टला २०१५ साली आफ्रिकी चषक जिंकून दिला. हुशार माणूस कोणत्याही देशात जन्मतो. तो एकाच खंडात जन्मतो, असे धरून चालणाऱ्यांशी आपले भांडण आहे.

मग २०२२ साल आले. कतारच्या स्पर्धेत आफ्रिकेच्या पाचही संघांचे प्रशिक्षक आपापल्या देशाचे होते. सेनेगलचे सिसे, घानाचे ओटो अड्डो, कॅमेरूनचे रिगोबर साँग, ट्युनिशियाचे जलेल कादरी आणि मोरोक्कोचे वालिद रेग्रागुई. विश्वचषकाच्या इतिहासात हे प्रथमच घडले. स्पर्धेआधीच्या भाकितांत ही बाब कौतुकाच्या चौकटीपुरती होती; संघांचे मोजमाप जुन्याच मापाने चालू होते.

मोरोक्कोकडे जरा थांबून पाहू. मोरोक्कन लोक वर्णाने सरसकट काळे नव्हेत, अरब आणि अमाझिघ आहेत. पण युरोपच्या शहरांत रस्ते झाडायला आणि कारखान्यांत घाम गाळायला गेलेली ही माणसे तिथल्या नजरेला काय दिसतात ते वेगळे सांगायला नको. संघातील २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. रेग्रागुईंचा जन्मही फ्रान्समधला. त्यांना हे पद मिळाले ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, म्हणजे स्पर्धेला तीन महिनेही उरले नव्हते. आधीचे बोस्नियन प्रशिक्षक वाहिद हलिलहोजिच यांचे हकीम झियेश या संघातल्या अव्वल खेळाडूशी बिनसले होते. रेग्रागुईंनी आल्याबरोबर झियेशला परत बोलावले. खुद्द मोरोक्कोत त्यांची ‘ॲव्होकॅडो डोक्याचा’ म्हणून टिंगल झाली होती. पाहा, बोट शेवटी डोक्याकडेच गेले! आपल्या माणसावर आपलाच विश्वास नसणे, हा गुलामीचा सर्वांत चिवट अवशेष असतो. तो आपल्यातही आहे.

गटात कोण होते? २०१८ चा उपविजेता क्रोएशिया आणि जागतिक क्रमवारीत दुसरा असलेला बेल्जियम. मोरोक्को बाविसावा. क्रोएशियाशी बरोबरी, बेल्जियमवर २-०, कॅनडावर २-१ असा निकाल लावून मोरोक्को गटात पहिला आला. बाद फेरीत स्पेन समोर आला. स्पेनने हजाराहून अधिक पास दिले, चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायाशी होता, पण गोलाची वाट सापडेना. ती वाट बंद कशी केली होती? बचावाच्या दोन रांगा एकमेकींना इतक्या जवळ ठेवायच्या की मधल्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन वळायला स्पॅनिश खेळाडूला फट मिळू नये; कडेला चेंडू जाऊ द्यायचा, तिथे दोघांनी मिळून कोंडी करायची आणि सुटलेला चेंडू वेगवान खेळाडूंकडे लगेच पुढे पाठवायचा. हे १२० मिनिटे न चुकता करायला ताकद लागतेच. पण अकरा जणांनी एकाच वेळी एकच विचार करावा लागतो. हे डोक्याचे काम नव्हे तर कशाचे?

स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी आपल्या खेळाडूंना स्पर्धेआधी हजार पेनल्टी मारण्याचा गृहपाठ दिला होता. पेनल्टीच्या निर्णायक फेरीत त्यांच्या तिघांपैकी एकालाही गोल करता आला नाही. एक चेंडू खांबावर गेला, दोन गोलरक्षक बोनोने अडवले. शेवटची पेनल्टी अश्रफ हकिमीने अगदी हळुवार, मधोमध टाकली. हा मुलगा माद्रिदमध्येच जन्मलेला! सामन्यानंतर एन्रिके यांनी मोरोक्कोच्या आठ क्रमांकाच्या खेळाडूचे तोंड भरून कौतुक केले, पण त्याचे नाव काही त्यांना आठवेना. अझेदिन उनाही हे ते नाव. तो फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत खेळत होता, कुठे जंगलात नव्हे. प्रतिस्पर्ध्याचे मोजमाप करणे हेच ज्याचे काम, त्यालाही हे नाव ध्यानात ठेवण्याची गरज वाटली नव्हती. पुढे पोर्तुगाल १-० ने हरला आणि आफ्रिकेचा संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे फ्रान्सने त्यांना थांबवले. त्याआधीच्या पाच सामन्यांत मोरोक्कोवर झालेला एकमेव गोल त्यांच्याच बचावपटूच्या पायाला लागून गेलेला होता.

बाकीच्या चौघांनीही निदान एकेक सामना जिंकला. कॅमेरूनने ब्राझीलला हरवले, ट्युनिशियाने फ्रान्सला.

आपल्याला हे नवे नाही. पालवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखत, साहेबांना गोलंदाजी करत मोठे झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचा डावा हात हवा होता. कर्णधारपद मात्र त्यांना कधी दिले नाही. चहासुद्धा वेगळ्या मातीच्या कुल्हडात. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते पद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. (बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो हिशेब वेगळा.) गोलंदाजी श्रमाची, कर्णधारपद बुद्धीचे. कामाची ही वाटणी नव्हती, माणसांची प्रतवारी होती.

आणि ज्यांना ‘मेरिट’ या शब्दाचे फार प्रेम आहे त्यांच्यासाठी १९५८ चा किस्सा. स्वीडनच्या विश्वचषकासाठी ब्राझीलने सोबत एक मानसशास्त्रज्ञ नेला होता, जुआंव कार्व्हालेस. खेळाडूंच्या लेखी चाचण्या झाल्या, चित्रे काढून घेतली गेली. निष्कर्ष असा की सतरा वर्षांचा पेले अजून बालिश आहे, त्याला खेळवू नये. आणि गिरणीगावातून आलेला, वाकड्या पायांचा गॅरिंचा जबाबदारी पेलण्यास लायक नाही. प्रशिक्षक व्हिसेंते फिओला यांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि सोव्हिएत संघाविरुद्ध दोघांनाही उतरवले. ब्राझील जगज्जेता झाला. पेले आणि गॅरिंचा एकत्र खेळले असा एकही सामना ब्राझील कधी हरला नाही. चाचणी घेणारा कोण, प्रश्न काढणारा कोण आणि उत्तरे तपासणारा कोण, हे न विचारता ‘गुणवत्ता’ म्हणणाऱ्यांनी हा अहवाल डोळ्यांपुढे ठेवावा.

त्याच संघाच्या मधल्या फळीचा मेंदू होता दीदी, काळा खेळाडू, त्या स्पर्धेतला सर्वोत्तम ठरलेला. खेळणे थांबल्यावर दीदी प्रशिक्षक झाला. १९७० मध्ये त्याने एका संघाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. तो संघ पेरूचा होता. ब्राझीलच्या संघाचे प्रशिक्षकपद दीदीला कधीही मिळाले नाही.

आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल, भीमजयंतीची मिरवणूक, सारे पडद्यावर आले. आपण शिट्ट्या वाजवल्या. पण त्यातही प्रशिक्षक भिंतीपलीकडे राहणारा प्राध्यापकच आहे. मंजुळेंचा दोष नाही, गोष्ट ज्यावरून घेतली ती तशीच घडली, आणि त्या प्राध्यापकाचे ऋण मोठे आहे. तरी चित्रपटगृहातून बाहेर पडताना मनात येत होते की या झुंडीतला एखादा पोरगा शिट्टी गळ्यात घालून मैदानाच्या कडेला कधी उभा राहणार?

जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकी चषक आयव्हरी कोस्टमध्ये भरला. यजमान संघ गटात इक्वेटोरियल गिनीकडून ४-० ने हरला. फ्रेंच प्रशिक्षक जाँ-लुई गॅसे यांना काढले. आता काय करावे? महासंघाने काय केले असेल? हर्वे रेनार तेव्हा फ्रान्सच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते. त्यांना उरलेल्या स्पर्धेपुरते उसने द्या, अशी विनंती फ्रान्सला केली. फ्रान्सने नकार दिला. तेव्हा कुठे नाइलाजाने सहायक प्रशिक्षक एमर्स फाए यांच्याकडे संघ आला, तोही हंगामी म्हणून. सर्वोत्तम तिसऱ्या क्रमांकांपैकी एक म्हणून कसाबसा पुढे सरकलेल्या त्या संघाने गतविजेत्या सेनेगलला पेनल्टीवर, मालीला जादा वेळेत, मग काँगोला आणि ११ फेब्रुवारी रोजी अंतिम सामन्यात नायजेरियाला २-१ ने हरवले. फाए यांच्या पदापुढचा ‘हंगामी’ शब्द त्यानंतर निघाला. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात आयव्हरी कोस्टने दहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पहिले दोन सामने गॅसे यांचे, पुढचे आठ फाए यांचे.