साधी गाठ आणि तिच्या आतला कर्करोग

स्तनाला गाठ लागली की बाईच्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. लोधिवली, चौक, रसायनी या बाजूच्या ज्या तरुण मुली अशी गाठ घेऊन दवाखान्यात येतात, त्यांतील बहुतेकींची गाठ साधी असते. हाताला रबरासारखी लागते, सहसा दुखत नाही, बोटाखालून सटकते. कधी वालाच्या दाण्याएवढी, कधी लिंबाएवढी. हिला फायब्रोॲडिनोमा म्हणतात. साधारणपणे १५ ते ३५ या वयात ती आढळते.

‘डॉक्टर, ही पुढे कॅन्सरची होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. एका शब्दात उत्तर देता येत नाही. अशी गाठ बहुधा आहे तशीच राहते, काही वेळा आपोआप लहानही होते. परंतु तिच्या आतही स्तनातल्यासारख्याच दूधनलिका असतात. नलिकांच्या अस्तरात स्तनात इतरत्र जसा कर्करोग उद्भवतो, तसा तो गाठीच्या पोटातही उद्भवू शकतो. घर साधेच, चोर मात्र आत शिरलेला. असे फार क्वचित घडते. हजार गाठींत एकदोन, किंवा त्याहूनही कमी. अशा बाया बहुधा चाळिशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या असतात. म्हणून विशीतल्या मुलीच्या गाठीची जेवढी चिंता करू नये, तेवढी पंचेचाळिशीत नव्याने आलेल्या गाठीची करावी.

अडचण अशी, की ही गाठ हाताला आणि कित्येकदा सोनोग्राफीतही साधीच भासते. सुईने थोड्या पेशी काढून तपासतात, ती तपासणी चांगली आहे. पण पोते टोचून मूठभर तांदूळ पाहिले, तर दुसऱ्या कोपऱ्यातली कीड हाती लागेलच असे नाही. यासाठीच वाढत चाललेली, तीन सेंटिमीटरच्या वर गेलेली किंवा तपासण्यांचा मेळ न बसणारी गाठ पूर्ण काढण्याचा सल्ला दिला जातो.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. चारपैसे वाचवायला ‘साधीच होती’ म्हणून ती फेकून देणे मला मुळीच मान्य नाही. १९८५ साली ड्युपाँट व पेज या अमेरिकी संशोधकांनी तीन हजारांवर स्त्रियांच्या गाठींचे जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिले आणि त्या स्त्रियांचे पुढे काय झाले तेही तपासले. ज्यांच्या पेशींची जादा वाढ नव्हती, त्यांना पुढे कर्करोगाचा धोका वाढलेला नव्हता. पेशी वाढलेल्या पण नीट रचनेच्या असतील, तर धोका दीड ते दोन पट. वाढलेल्या आणि वेड्यावाकड्या असतील, तर चार ते पाच पट. या शेवटच्या प्रकाराला ‘एटिपिकल हायपरप्लेझिया’ म्हणतात. हे शब्द रिपोर्टात असतील तर गाठ निघाली तरी दरवर्षी तपासणी चुकवू नये.

साध्या गाठीवर शेक, लेप, चोळणे यांचा उपयोग नाही. आपल्याकडे भातलावणी होऊ दे, मग लगीनसराई होऊ दे, असे म्हणत वर्ष निघून जाते. गाठ वाढू लागली, घट्ट होऊन एका जागी रुतली, वरची कातडी ओढली गेली, बोंड आत गेले, त्यातून रक्त आले किंवा काखेत गाठ लागली, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नये. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांची स्तनतपासणी प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तपासलेल्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. ना यंत्र, ना फिल्म.

कर्जतहून परळला लोकलने जाता येते. खारघरलाही टाटाचे केंद्र आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि पूर्वी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, कितीही जुना असला तरी, बरोबर न्यावा.